नेत्राबायने भरलेला अर्ज

मुरुडच्या त्या आळीत कुणी हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद घेऊन निघालं, की कुठे चाललात हे विचारावं लागत नसे. ते माणूस नेत्राकडेच निघालेलं असायचं. रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचं असो, पेन्शन असो, नातीची शिष्यवृत्ती असो, बायका एकमेकींना सांगत, "नेत्राबायकडून भरून घे. तिचा अर्ज परत येत न्हाय."

नेत्रा अलिबागच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. नोकरीसाठी तिनेही एके काळी खूप अर्ज केले होते. त्यांतलं काही जमलं नाही, मग लग्न झालं, मग मृणाली झाली. नवरा विनेश आगरदांड्याला फेरीबोटीची तिकिटं फाडायचा. संध्याकाळी घरी आला की ओट्यावरची गर्दी बघून म्हणायचा, "कलेक्टरीणबाई, आमचा चहा मंजूर झाला का?" ती या कामाचे पैसे घेत नसे. शेजारची सोनूबाई मात्र वाटीभर जवळा पुढे केल्याशिवाय कागद पुढे करत नसे.

नेत्राची एक रीत होती. अर्ज भरून झाला की ती तो शेवटच्या रकान्यापासून उलटा, वर वर वाचत जायची. शेजारी मूळ कागद आणि प्रत्येक आकड्याखाली बोट. वरून खाली वाचलं की डोळे लबाडी करतात, म्हणायची. आपणच लिहिलेलं असतं, ते बरोबरच वाटतं.

फक्त एका अर्जाच्या वेळी तिने तसं केलं नाही.

मृणाली वनस्पतीशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. खाडीकाठच्या झाडांवर पुढे शिकवणारा एम.एस्सी.चा एकच विभाग तिला हवा होता. पंधरा जागा, त्यासाठी प्रवेशपरीक्षा. दुसरीकडे कुठे तिने अर्जच केला नव्हता. या परीक्षेच्या साइटवर नाव नोंदवून ठेवलं होतं, बाकीचं शिबिराहून आल्यावर भरणार होती. कॉलेजचं शिबिर खाडीपलीकडे कांदळवनात होतं, तिथे मोबाइलला रेंज नाही. चौथ्या दिवशी दुपारी जवळच्या गावातल्या कुणाच्या तरी घरून तिचा फोन आला.

"आई, मुदत आजच संपतेय. माझ्या डोक्यात वेगळीच तारीख होती गं! पासवर्ड सांगते, तू भर."

"अगं पण मला..."

"अख्ख्या मुरुडचे भरतेस ना? मग माझा नाही भरणार? ठेवते, मागे लाइन लागलीय."

साइट अडकत होती. साडेचारला एकदाचं पान उघडलं, पाचला बंद होणार होतं. कपाटातली फाइल काढायला नेत्रा उठलीच नाही. स्वतःच्या मुलीचं काय बघून लिहायचं? टक्के पाठ होते, पत्ता पाठ होता. जन्मतारखेचा रकाना आला तेव्हा तर विचारही करावा लागला नाही. पाचला सात मिनिटं असताना अर्ज गेला. तिने छापील प्रत काढून फाइलला लावली आणि चहा टाकला.

आठ दिवसांनी सोनूबाईच्या नातीच्या अर्जाला टाचणी हवी म्हणून तिने तीच फाइल उघडली. प्रत समोर आली आणि सवयीने बोट शेवटच्या रकान्यावर गेलं. परीक्षाकेंद्र: पहिली पसंती पुणे. अरे, पनवेल द्यायचं होतं. असो, पुण्याला जाता येईल. दुसऱ्या वर्षाचे टक्के पहिल्याच्या जागी पडले होते. हेही निस्तरता येईल, गुणपत्रिका आहेत. बोट वर गेलं. जन्मतारीख: १९ ऑगस्ट.

तिने दहावीचं प्रमाणपत्र काढलं. ते काय सांगणार हे तिला ठाऊक होतं, तरी काढलं. १९ मे.

"काय गं बाय, पांढरीफटक पडलीस?" सोनूबाई म्हणाली. "माझ्या कागदात काय कमी हाय?"

"तुझ्यात नाही," नेत्रा म्हणाली. "तू उद्या ये."

ऑगस्टच खरा होता. नारळी पौर्णिमेचा दिवस होता तो. नेत्रा माहेरी, दिघीला होती. वारा असा सुटलेला की लाँच बंद, पलीकडे दवाखान्यात नेणार कसं? गोदूआजी म्हणून एक म्हातारी सुईण होती, तिने घरातच मोकळं केलं. बाहेर माणसं जेट्टीवर नारळ सोडायला निघाली होती आणि वाजंत्रीच्या आवाजात पोरीचं पहिलं रडणं कुणाला ऐकूही गेलं नाही. या गडबडीत जन्माची नोंद राहून गेली. पुढे शाळेत घालायची वेळ आली तेव्हा गुरुजी म्हणाले, "जूनमध्ये पाच पूर्ण होत नाहीत. पुढच्या वर्षी आणा." नेत्राला ते पटेना. पोरगी घरी बसून पाढे म्हणत होती. दोन महिन्यांसाठी तिचं अख्खं वर्ष फुकट घालवायचं? "गुरुजी, मे लिहा," ती म्हणाली. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं आणि लिहिलं. पुढे दाखला, आधार, दहावी, बारावी, सगळीकडे तोच मे चालत आला. ऑगस्ट फक्त घरात राहिला. दर नारळी पौर्णिमेला नारळीभात आणि पोरीच्या पानात काजू जास्त.

तिने मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. बाराव्या खेपेला लागला.

"मॅडम, अर्ज सबमिट झालाय ना? मग आता काही करता येणार नाही. दुरुस्तीसाठी मुदत देतात, ती जाहीर होईल."

"कधी?"

"ते नोंदवलेल्या मेलवर कळवतील."

मेल मृणालीची होती. म्हणजे तिला सांगावं लागणार. पण शिबिराहून आल्या आल्या तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा सुरू झाली होती. पहाटे उठून ती ओट्यावर मोठ्याने वाचत बसायची, डोळे सुजलेले, जेवणावर लक्ष नाही. आत्ता सांगितलं तर पेपर कसे देईल? पेपर संपू देत, नेत्राने ठरवलं. तोवर रोज सकाळी आपणच बघायचं. विनेशलाही बोलली नाही, त्याच्या पोटात काही राहत नसे. रोज भाकऱ्या झाल्या की ती अर्जाचं पान उघडायची. त्यावर एकच ओळ असायची: आपला अर्ज प्राप्त झाला आहे. ते पान तिने खूण करून ठेवलं होतं, थेट तेच उघडायचं. साइटच्या पहिल्या पानावर, जिथे सूचना लागतात, तिथे ती कधी गेलीच नाही.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी तिने सुरमई केली. जेवून झालं की सांगायचं, असं मनाशी घोकत ती वाढत होती. मृणाली बऱ्याच दिवसांनी हसत होती.

"बाबा, या परीक्षावाल्यांना कामं नाहीत. सारख्या मेल. अर्जात दुरुस्त्या करायच्या असतील तर करा म्हणे. मी म्हटलं, अहो, अर्ज कुणी भरलाय माहितेय का? नेत्राबायने!"

विनेश हसला. "कलेक्टरीणबाईंच्या सहीत चूक काढायची?"

नेत्राचा हात परातीवर थांबला. "कधी आली मेल?"

"गेल्या आठवड्यात. तीन दिवस होते. परवा संपले. का गं?"

नेत्राने सांगितलं. उभ्यानेच, परात हातात धरून. तारीख सांगितली, टक्के सांगितले, पुणे सांगितलं. मग कधीपासून ठाऊक आहे तेही सांगितलं.

"वीस दिवस?" मृणाली म्हणाली. "वीस दिवस तुला माहीत होतं?"

"तुझे पेपर..."

"मी मेल वाचली, आई. बंद केली. एका शब्दाने बोलली असतीस तर पाच मिनिटांचं काम होतं." तिने ताट सरकवलं.  

मेल पाठवून झाल्या. उत्तर आलं ते छापील: परीक्षेस मूळ ओळखपत्र आणावे, तपशील जुळणे आवश्यक. नेत्राने वकिलाकडून स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करून घेतलं. आदल्या दिवशीच्या एस.टी.ने मायलेकी पुण्याला गेल्या. वाटेत मृणाली पुस्तक उघडून बसली होती, पण पान उलटत नव्हती.

परीक्षाकेंद्राच्या फाटकावरचा माणूस वाईट नव्हता. त्याने प्रवेशपत्र पाहिलं, आधार पाहिलं, पुन्हा प्रवेशपत्र पाहिलं. "यात ऑगस्ट, त्यात मे. कोणती खरी?"

प्रतिज्ञापत्र त्याने वाचलं, आत जाऊन कुणाला तरी दाखवून आला आणि मान हलवली. "नाही चालत. आत सोडलं तर उद्या माझ्यावर येईल."

"साहेब, ऑगस्ट चुकून नाही पडला," नेत्रा म्हणाली. "मी आई आहे तिची. मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल?"

"म्हणजे आधारवरची खोटी?" त्याने मान वर केली. "दहावीचीपण? तसं लिहून देता का?"

मृणालीने आईचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. "आई, गप्प बस. एक शब्द बोलू नकोस."

 साडेनऊला फाटक बंद झालं. आतल्या आवारात उरलेली दोन मुलं पळत वर्गाकडे गेली. मृणाली ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. मग तिने पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि स्टँडच्या दिशेने चालू लागली. आई मागून येतेय की नाही, हे तिने वळून पाहिलं नाही.

जुलैत मृणाली समुद्राकाठच्या एका हॉटेलात लागली. येणाऱ्यांचं ओळखपत्र बघायचं, नाव, पत्ता, वय रजिस्टरात उतरवायचं. नोकरीचा अर्ज तिने स्वतः भरला. नेत्राने आपणहून विचारलं नाही. सोनूबाई एकदा पिशवी घेऊन आली तेव्हा नेत्राने तिला नाक्यावरच्या दुकानात जायला सांगितलं.

"तिथं पन्नास रुपये घेतात गं," सोनूबाई म्हणाली. "आणि तो पोरगा बघून बी लिवत न्हाय."

"मीपण बघून लिहिलं नाही," नेत्रा म्हणाली. जवळ्याची वाटी तिने परत दिली.

नारळी पौर्णिमेला तिने नारळीभात केला. करू की नको, करत केला. सकाळपासून कोळीवाड्यातून वाजंत्री ऐकू येत होती. मृणाली हॉटेलचा निळा शर्ट घालून, केस बांधून बाहेर आली, तेव्हा नेत्राने पान वाढून ठेवलं होतं. काजू वरच दिसत होते.

"दोन घास खाऊन जा. आज तुझा..."

"माझा मेमध्ये झाला," मृणाली म्हणाली. आवाजात राग नव्हता. पायात चपला सरकवून ती एस.टी. धरायला निघून गेली.

विनेश आतून आला. त्याने पानाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि पानावर ताट उपडं घातलं. संध्याकाळी मृणाली परत आली, तेव्हा ते ताट तसंच होतं. तिने ते उचललं नाही. नेत्रानेही नाही.