मेलेल्या माणसाचं गाऱ्हाणं

माझा आवाज तुम्ही ऐकला असणार. वरातीत, जिममध्ये, कुणाच्या तरी फोनच्या रिंगटोनला. गाण्याच्या सुरुवातीला एक घोगरा माणूस मालवणीत देवाला हाक मारतो, मागून सगळा जमाव "व्हय म्हाराजा" म्हणतो आणि मग जमीन हादरेल असा ठोका सुरू होतो. तो घोगरा माणूस मी. गाणं ज्यांचं म्हणून गाजलं ते तिघं आज मोठे झाले आहेत. मी बहारीनमधल्या तुबलीत जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकतो आणि मी जिवंत आहे. हे शेवटचं मला चारचौघांत सिद्ध करावं लागलं, म्हणून लिहितो आहे. नावं कुणाचीच घालणार नाही. त्यांनी माझं घातलं नाही, मी त्यांचं का घालू?

आमच्या तळकोकणात काम कुठलंही असो, विहीर खणायची असो की लग्नाला निघायचं असो, आधी गाऱ्हाणं घालतात. बाकीच्या महाराष्ट्रात गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे ते देवाशी बोलणं असतं, आणि त्यात तक्रारही चालते. चपला काढून, हात जोडून सगळे उभे राहतात. एक जण "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरू करतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. कुणी विचार करून म्हणत नाही. शिंक आल्यासारखं ते तोंडातून येतं. आणि घालणारा जोवर गाऱ्हाणं पुरं करत नाही तोवर जोडलेले हात कुणी खाली सोडत नाही. बहारीनमध्ये आमच्या भागातल्या लोकांचं काहीही असलं की गाऱ्हाणं घालायला मला बोलावतात. आवाज मोठा आहे. गिऱ्हाइकांशी आणि लिलावात भांडून भांडून कमावलेला.

मी इथे हेल्पर म्हणून आलो. दुसऱ्याच्या गॅरेजात टायर उचलले, मग अपघातात ठोकलेल्या गाड्या लिलावात घेऊन खोलायला लागलो, मग स्वतःची शेड घेतली. कुणी मला काही दिलेलं नाही. जे मिळालं ते घासाघीस करून मिळालं. माझा स्वभाव तापट आहे हे तुबलीत सगळ्यांना माहीत आहे आणि त्याने माझं नुकसान झालेलं नाही.

त्या तिघांपैकी एक माझाच ड्रायव्हर होता, माझ्याच तालुक्यातला. दुसरा एसी मेकॅनिक, शेजारच्या गावचा. तिसरा इथल्याच सनाबिस भागात राहणाऱ्या एका पुणेकर बँकवाल्याचा मुलगा. त्याला मराठी समजायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. संगीताचं यंत्र तोच चालवायचा. शब्द ड्रायव्हरचे. ते रॅप करायचे ते मालवणीत, आणि कशावर, तर व्हिसावर, उन्हात तापलेल्या स्टिअरिंगवर, गावच्या घराला बसवलेल्या आणि कुणी न उघडलेल्या खिडक्यांवर. मला ते गाणं वाटत नव्हतं. मला ते भांडण वाटायचं, म्हणून आवडायचं.

शेडच्या मागे एक व्हॅन पडून होती, इंजिन काढून घेतलेली, पण आतल्या गाद्या आणि छताचं कापड शाबूत. तिचं दार लावलं की बाहेरचं ग्राइंडर ऐकू यायचं नाही. मी ती विकायला ठेवली होती. पोरांनी मागितली, मी दिली. शुक्रवारी ते तिघं तिच्यात घुसायचे आणि घामाने भिजून बाहेर यायचे. त्यांची गाणी ड्रायव्हर लोकांच्या फोनवरून फिरायला लागली. सिमेंटचा ट्रेलर चालवणारा माणूस माझ्या दारात थांबून मला विचारायचा, "शेट, तीं पोरा तुमची मां?" मी व्हय म्हणायचो.

पांढरपेशा लोकांना मात्र ते चालत नव्हतं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात पंधरा मिनिटं द्या म्हणून मी स्वतः विचारायला गेलो. कार्यकारिणीतले एक इंजिनीअर म्हणाले, "भाषा जरा रांगडी आहे हो, फॅमिली असतात." मी म्हणालो, "आमका पण फॅमिलीच आसा. आमी काय झाडावरून पडलंव?" नाही म्हणजे नाही. मी तिथून उठलो तो खुर्ची पाडूनच.

मग शेडमध्येच कार्यक्रम केला. बंपर बाजूला रचले, दारं भिंतीला टेकवली. ड्रायव्हर, वेल्डर, नर्सिंगवाल्या मुली, सगळे आले. सुरू करायच्या आधी ड्रायव्हर म्हणाला, "काका, गाऱ्हाणा घाला." मी घातलं. मनापासून घातलं, खोटं कशाला सांगू. "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुबलीत, तुझ्या ह्या लेकराच्या शेडीत," असं म्हणून मी माझं नाव घेतलं, बापाचं घेतलं, गाव घेतलं, कारण ज्याच्या दारात काम असतं त्याचं नाव गाऱ्हाण्यात यावंच लागतं. मग म्हटलं, "हीं तुझी तीन लेकरा आज गाणा घेवन उभी आसत. तेंका मोठा कर, तेंचो आवाज सात समुद्रापार जावंदे." सगळी शेड म्हणाली, "व्हय म्हाराजा." बँकवाल्याच्या मुलाने ते रेकॉर्ड केलं. मला म्हणाला, "अंकल, दॅट्स फायर." मी समजलो वायर जळते आहे, आणि मागे वळून बघितलं.

देवाने ऐकलं. मुंबईच्या एका कंपनीने त्यांना उचललं आणि वर्षाच्या आत ते टीव्हीवर दिसायला लागले. पहिलंच गाणं माझ्या गाऱ्हाण्याने सुरू होत होतं. फक्त माझं नाव, बाप, गाव आणि तुबली कापलेली. "बा देवा म्हाराजा" नंतर थेट "हीं तुझी तीन लेकरा." शिवणीचा पत्तासुद्धा लागत नाही, इतकं सफाईदार.

मी ड्रायव्हरला फोन केला. तो म्हणाला, "काका, तां सांपल आसा." दुसऱ्याचा आवाज कापून गाण्यात लावला की त्याला ते सांपल म्हणतात.

"सांपल अत्तराच्या दुकानात देतत. तेच्यावर पण दुकानाचा नाव आसता."

"तसा नाय काका. गाण्यात बसाक होयां मां."

मी त्या दिवशी गप्प बसलो. म्हटलं, पोरं नवी आहेत, वर जाऊ देत. पण थोड्या दिवसांनी त्यांची मुलाखत आली. विचारणाऱ्या मुलीने विचारलं, हा सुरुवातीचा अंगावर काटा आणणारा आवाज कुणाचा? ड्रायव्हरने मान खाली घातली आणि म्हणाला, "आमच्या गावचे एक म्हातारे होते. आता ते नाहीत."

त्या मुलीने हळहळ व्यक्त केली. एसी मेकॅनिकनेसुद्धा.

गावाला ती मुलाखत सगळ्यांनी बघितली आणि आवाज सगळ्यांनी ओळखला. माझ्या चुलत भावजयीने बायकोला रडत फोन केला. "वयनी, काय गो ह्यां ऐकतंय? आमका कळवलात पण नाय?"

बायको म्हणाली, "कळवू काय? हय बसान बांगडो खातत."

"मगे टीव्हीवर सांगल्यानी तां?"

"टीव्हीवर काय पण सांगतत. थांब, तेंका ओरडूक सांगतंय." आणि फोन माझ्यासमोर धरला. मी ओरडलो. त्यासाठी मुद्दाम काही करावं लागलं नाही.

देवळातल्या गुरवाने तोवर माझ्या दिवसकार्यासाठी दोन माणसांना सांगून ठेवलं होतं. माझ्या धाकट्या भावाने ऑफिसातून सुट्टी काढली होती. त्याने मला नंतर विचारलं, "दादा, नक्की तूच बोलतंस मां?" हा प्रश्न मी त्या तिघांच्या नावावर मांडून ठेवला.

ड्रायव्हरला परत फोन लावला तेव्हा खरं बाहेर आलं. जिवंत माणसाचा आवाज वापरायचा तर त्याची सही लागते, त्याचं नाव छापावं लागतं. तो सही देईलच असं नाही, दिली तर तो अटी घालेल. आणि मी कसा अटी घालतो हे माझ्या ड्रायव्हरपेक्षा कुणाला जास्त माहीत? नाव नसलेला मेलेला म्हातारा कंपनीला सोयीचा होता.

"कंपनीन विचारल्यान, कोण आसा तो. माझ्या तोंडातसून गेला, काका."

"तोंडातसून गेला? मगे मान कित्या खाली घातलंस?"

तो कंपनीच्या माणसांची नावं सांगायला लागला. मी त्याला थांबवलं.

"एक काम कर. जंय मेलो म्हणान सांगलंस, थंयच जितो आसा म्हणान सांग. नावान सांग. बाकी माका काय नको."

"इंशाल्ला काका, सांगतंय."

इतकी वर्षं इथे धंदा केल्यावर 'इंशाल्ला' दोन प्रकारे म्हणतात ते मला कळतं. एकात माणूस देवावर भरवसा ठेवतो. दुसऱ्यात तो तुम्हाला दाराबाहेर काढतो. हा दुसरा होता. मी फोन ठेवला आणि वाट बघायला बसलो. वाट बघण्याबद्दल लोक म्हणतात की तापट माणसाला ती जमत नाही. लिलावात गाडीची वाट बघणाऱ्याला जमते.

थंडीत ते तिघं बहारीनला कार्यक्रमाला आले. मोठं खुलं मैदान, मोठे पडदे. आयोजकांत तेच इंजिनीअर होते, ज्यांना भाषा रांगडी वाटली होती. आता त्यांनाच ती अस्सल वाटत होती. त्यांना वाटलं, गाण्यासारखंच प्रत्यक्ष गाऱ्हाणं घालून सुरुवात केली तर लोक वेडे होतील. त्यांनी विचारपूस केली, इथे गाऱ्हाणं कोण घालतं? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. इंजिनीअर मला ओळखत होते ते खुर्ची पाडणारा म्हणून. गाण्यातला आवाज माझा हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"मानधन किती घ्याल?"

"काही नको."

ते सावध झाले. माझी ख्याती त्यांच्यापर्यंत पोहोचलेली असावी. मी म्हणालो, दोनच गोष्टी. माईक माझ्या हातात राहील आणि मी ठेवीपर्यंत कुणी घ्यायचा नाही. आणि ते तिघे माझ्या शेजारी अनवाणी, हात जोडून उभे राहतील, कारण रीत आहे. ते म्हणाले, "वा, एकदम ऑथेंटिक होईल."

स्टेजच्या मागे ड्रायव्हरने मला बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. पायात भारी बूट होते, ते काढताना त्याची नाडी सुटेना. खालच्या आवाजात म्हणाला, "काका, जरा सांभाळून घेवा."

"बूट काढ," मी म्हणालो.

समोर आमची माणसं पुढे होती, गाऱ्हाणं म्हटल्यावर चपला काढून उभी राहिलेली, मागे पुण्या-मुंबईची कुटुंबं. त्या तिघांच्या कानाला छोटे माईक लावलेले. मी सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." मैदान गरजलं.

"हीं तीन लेकरा माझ्या शेडीतल्या व्हॅनीत गाणा शिकली."

"व्हय म्हाराजा."

"पयला गाऱ्हाणा मी घातलंय. तोच माझो आवाज आज सगळ्या मुलखात वाजता."

"व्हय म्हाराजा." इथे पुढच्या रांगांत कुजबुज झाली.

"आनी ह्यांनी जित्या माणसाक मेलो म्हणान सांगल्यानी."

"व्हय म्हाराजा." लोकांनी म्हटलं, आणि लोकांबरोबर त्या तिघांनीही. हात जोडलेले, डोळे खाली, सवयीने आलेलं. तीन माईक, तीन कबुल्या, मोठ्या पडद्यावर तीन तोंडं. आपण काय म्हटलं ते बँकवाल्याच्या मुलाच्या उशिरा लक्षात आलं, तो बाकीच्या दोघांकडे बघायला लागला. पण म्हणायचं ते म्हणून झालं होतं.

"जेनी मेलो म्हटलो, तो त्याच तोंडान नाव घेवन जितो म्हणुंदे. तवसर ह्यां गाऱ्हाणा पुरा जावचा नाय."

"व्हय म्हाराजा."

आणि मी गप्प राहिलो. भाव सांगून झाल्यावर जो आधी बोलतो तो हरतो, हे मला तुबलीने शिकवलं आहे. गाऱ्हाणं पुरं झालेलं नव्हतं, म्हणून आमच्या लोकांपैकी एकानेही हात सोडले नाहीत. हजारभर माणसं हात जोडून उभी. मागची मंडळी एकमेकांना विचारत होती, हे कार्यक्रमातलंच आहे का. इंजिनीअर बाजूला उभे राहून मला खुणा करत होते, मनगटावरच्या घड्याळावर बोट मारत होते. मी त्यांच्याकडे बघून हात जोडले. तसे ते माईकसकट जोडलेलेच होते.

ड्रायव्हरने एकदा इंजिनीअरकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग पुढच्या रांगेतला एक ट्रेलरवाला वैतागून म्हणाला, "बोल मरे, हात दुखाक लागले." लोक हसले. त्या हसण्याने तो खचला. त्याने माझं नाव घेतलं. बापाचं घेतलं, गावाचं घेतलं, तुबली म्हणाला. आणि म्हणाला, "ते जिते आसत. ह्ये काय हय उभे आसत."

मैदान "व्हय म्हाराजा" म्हणालं ते मी अजून विसरलेलो नाही.

मग मी गाऱ्हाणं पुरं केलं. मागच्या वेळी "तेंका मोठा कर" असं होतं, ते या वेळी घातलं नाही. एकदा दिलं होतं. माईक खाली ठेवला, चपला हातात घेतल्या आणि गाडीत जाऊन बसलो. गाणी ऐकायला थांबलो नाही.

लोकांनी ते सगळं फोनवर घेतलं होतं. आता ते तिघं कुठेही गेले, सातारा असो की दुबई, माझा आवाज वाजला की लोक ठोका सुरू होण्याआधीच ओरडतात, "जितो आसा." गाण्यात ते नाही, पण आता ते काढताही येत नाही. प्रत्येक कार्यक्रमात त्यांना ते उभं राहून ऐकावं लागतं, आणि ऐकताना हसावं लागतं. माझ्या बायकोला वाटतं, एवढ्यावर आता पुरे करावं. मला तसं वाटत नाही.

गेल्या महिन्यात ड्रायव्हर शेडवर आला. गाडीतून उतरून दारात उभा राहिला, आत ये म्हणेपर्यंत. मी म्हणालो नाही. नवीन गाण्यासाठी कंपनीला पुन्हा एक गाऱ्हाणं हवं आहे म्हणे, या वेळी नाव मोठ्या अक्षरांत, म्हणाल त्या अटींवर.

मी एका आरशाची काच पुसत होतो. पुसून झाल्यावर त्याच्याकडे बघितलं.

"तुमचो गावचो म्हातारो होतो मां एक," मी म्हणालो, "बरो आवाज होतो तेचो. तेकाच इचार."