रिन्स्केचे नऊ किलो

समजा, तुम्हाला चौदाशे किलोमीटरवर, भूमध्य समुद्राकाठी तीन आठवडे राहायला जायचं आहे. घर सोबतच न्यायचं, गाडीमागे ओढत. चाकांवरच्या त्या घरात भांडीकुंडी, अंथरुणं, तंबू, खाणंपिणं सगळं धरून एकशेऐंशी किलो भरता येतं. त्यापुढे एक किलोही नाही. आता बसा कागद घेऊन. बटाटे किती घ्याल?

हार्मेन विर्डाला हा प्रश्न कधीच अवघड गेला नाही. दहा किलो.

तो चौतीस वर्षं ग्रोनिंगेनजवळच्या एका बिटाच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. हंगामात दिवसाला चारशे गाड्या त्याच्या काचेसमोरून जायच्या. भरली गाडी येताना ड्रायव्हरशेजारी मेहुणा बसलेला आणि रिकामी परतताना मेहुणा गायब, म्हणजे मेहुण्याचं वजनही बिटाच्या हिशोबात, हे तो खुर्चीतून न उठता ओळखायचा. बिटावर मुद्दाम माती ठेवणारे, ताडपत्रीच्या खोळीत पावसाचं पाणी साठवून आणणारे, सगळे त्याला चेहऱ्याने पाठ होते. "हार्मेन, तू स्वतःच्या आईलाही दोनदा काट्यावर उभं करशील," असं बरोबरचे म्हणायचे, आणि त्याला ती स्तुती वाटायची. निवृत्त झाल्यावर काटा सुटला, सवय सुटली नाही. ती वापरायला आता उरली होती फक्त उन्हाळी सुट्टीची यादी.

मार्चमधला शनिवार होता. सकाळची कॉफी, प्रत्येकी एक बिस्किट, डबा लगेच बंद. स्वयंपाकघरातल्या टेबलावर यादी पसरलेली. डावीकडे दोघांचं सामान, उजवीकडे एकट्या रिन्स्केचं. गेली सव्वीस वर्षं ही नवरा-बायको त्याच कॅम्पिंगवर, त्याच पाइनच्या झाडाखाली, एकशेचौदा नंबरच्या जागेवर उतरत होती. आणि सव्वीस वर्षांत रिन्स्केची बाजू बत्तीस किलोंच्या खाली आली नव्हती. पुस्तकं, रंगांची पेटी, चित्रांचे कागद, टोप्या. दरवर्षी तो म्हणायचा, "अगं, हा ट्रक नाहीये." ती म्हणायची, "मग काढ तुझे बटाटे." हे भांडण झालं की सुट्टी ठरली.

यंदा तिने वजनं स्वतःच लिहून आणली. बेरीज नऊ किलो.

"रंगांची पेटी?"

"राहू दे."

"पुस्तकं?"

"घेतलंय ना एक."

"एक? तीन आठवड्यांना?"

"जाड आहे." ती कपात चमचा फिरवत राहिली. "उरलेल्यात तुझे बटाटे घाल. तू पण खूश, मी पण खूश."

हार्मेनने चष्मा काढून पुसला. जो ड्रायव्हर वजनावरून वाद घालत नाही, त्याची गाडी मागे घ्यायला लावून पुन्हा मोजायची, हा काट्यावरचा त्याचा पहिला नियम होता.

दुपारी तो कुंपणाशी गेला. शेजारचा लुबर्ट झाडं छाटत होता. ही दोघं समुद्रावर गेली की त्यांची बाग तोच सांभाळायचा.

"लुबर्ट, जुलैत पाणी घालशील ना नेहमीसारखं? तीन आठवडे."

"तीन कशाला? रिन्स्के तर म्हणाली, यंदा एकच आठवडा..." लुबर्टची कात्री थांबली. "तिने तुला सांगितलं नाही?"

"सांगितलं की."

"मग ठीक. आणि नसेल सांगितलं, तर मी काही बोललेलो नाही. उगाच तुमच्या घरात माझ्या नावाने बोंब नको."

हार्मेन घरी आला आणि सरळ संडासात जाऊन कडी लावून बसला. विचार करायला तेवढीच एक जागा होती. समोर भिंतीवर, तिकडच्या घराघरांत असतं तसं, वाढदिवसांचं कॅलेंडर. त्याने पानं उलटली. जुलैच्या बारा तारखेपुढे पेन्सिलीची बारीक खूण होती. नाव नाही. त्यांच्या नात्यात बारा जुलैला कोणीही जन्मलेलं नव्हतं. डॉक्टर असेल? की दुसरा कोणी? ती कुंपणापाशी लुबर्टशी फार वेळ हसत उभी असते, हेही आत्ताच आठवायचं होतं.

"हार्मेन! तिथेच राहायला गेलास का रे?" बाहेरून आवाज आला.

तो बाहेर आला. रिन्स्के रात्रीच्या जेवणाचे बटाटे सोलत होती.

"बारा जुलैला काय आहे?"

सुरी थांबली नाही. "गाडी. मी परत येणार आहे, रेल्वेने. एकटी. तिकीट काढलेलं नाही. आधी तुला सांगायचं होतं, पण तुझी यादी आधी आली."

"आजारी आहेस?"

"घोड्यासारखी धडधाकट आहे मी."

"मग कोण आहे?"

"लुबर्ट," ती म्हणाली. "त्याची कवळी बघूनच जीव जडला माझा."

हार्मेन हसला नाही. तेव्हा तिने सुरी खाली ठेवली.

"आपल्या बागेत जुलैत काय होतं, सांग बघू."

हार्मेनने खिडकीतून बागेकडे पाहिलं.

"लाल बेरी पिकते. झुडूप मी लावलं, एकोणीस वर्षं झाली. मी तिची फुलं बघते आणि वाळकी पानं बघते. मधलं सगळं लुबर्ट खातो, आणि वर सांगतो, यंदा काय गोड होती म्हणून."

"बेरीसाठी? अगं, तिकडे बाजारात ढीग असतात."

"बटाटे नसतात का तिकडे?"

त्याची नजर सोललेल्या बटाट्यांवर गेली.

"बेरीचं सोड," ती जरा हळू म्हणाली. "मला तिथे तीन आठवडे नको वाटतात, हार्मेन. ते ऊन, चादरीत टोचणाऱ्या पाइनच्या सुया, एकशेतेरावाल्यांची तीच ती पत्त्यांची संध्याकाळ. आठवडाभर मी मजेत येईन, खोटं नाही सांगत. मग तू थांब, पोह, मी घरी येते."

"हे यंदापासून वाटायला लागलं?"

"यंदा बोलले."

तिने सोललेले बटाटे उचलले आणि ती नळाकडे वळली. हार्मेन बसूनच राहिला. तिचं आजारपण नव्हतं, परका माणूस नव्हता, आणि तरी तो तिला नकोसे झालेले उन्हाळे मागे मोजत निघाला. गेलं वर्ष तर गेलंच म्हणायचं. त्याआधीचं? ज्या उन्हाळ्यात ती सकाळपासून दगडावर बसून एकाच होडीची अकरा चित्रं काढत होती, तो धरायचा की सोडायचा?

नळाचा आवाज मोठा होता, म्हणून त्याला ओरडूनच विचारावं लागलं.

"कुठल्या वर्षापासून, रिन्स्के?"