वर्षभराची पी.टी., एका दुपारी

आमच्या खताच्या दुकानाच्या ओट्यावर चार बायका जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, शाळेतलं सांगा की." मग एक किस्सा सांगितला की त्याच्या मागोमाग दुसरा निघतो. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी फुकट पी.टी. शिकवली ती उणीपुरी दोन वर्षं. तिथून घरी न्यायला किस्से तेवढे मिळाले, ते अजून संपले नाहीत.

*

पहिल्या दिवशी हेडसरांना सांगितलं, "मी बी.पी.एड. झालेय, विद्यापीठाकडून कबड्डी खेळलेय. नोकरीच्या जागा निघत नाहीत आणि तुमच्याकडे पी.टी.ला शिक्षक नाही. आठवड्यातून चार दिवस येते, मला काही नको."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग हळूच विचारलं, "वहिनी, आमचे भाऊ सरपंचकीला उभे राहणारेत का?"

मी नाही म्हटलं. त्यांना पटलं नाही. महिनाभर दुकानात येणारं गिऱ्हाईक माझ्या नवऱ्याला कुठल्या वॉर्डातून उभे राहताय, असं विचारत होतं.

*

शाळेला खेळाचं साहित्य आलेलं होतं. तीन व्हॉलीबॉल, दोऱ्या, रिंगा. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कपाटात, कपाटाची किल्ली हेडसरांच्या खिशात. पोरं चिंध्यांच्या चेंडूने खेळायची.

मी किल्ली मागितली. "पोरं खेळली की खराब होतं, वहिनी. मग तपासणीला काय दाखवायचं?"

पुढे तपासणीचे साहेब आलेच. कपाट उघडलं. साहेबांनी एका कोऱ्या व्हॉलीबॉलवरून हात फिरवला आणि शेरेबुकात लिहिलं, 'क्रीडासाहित्य उत्तम स्थितीत. इतर शाळांनी आदर्श घ्यावा.'

*

लांब उडीला वाळूचा खड्डा लागतो. गोदावरी तशी आमच्या जवळच. फाटकासमोरून वाळूचे टिप्पर इतके जायचे की पोरांना रस्ता ओलांडायची मी वेगळी प्रॅक्टिस दिली होती. ग्रामपंचायतीत जाऊन म्हटलं, शाळेला एक ट्रॉली वाळू द्या.

तिथे बसलेले एक पुढारी एकदम गंभीर झाले. "मॅडम, वाळूला बंदी हाय. कायद्याचं काम हाय ते. आमी न्हाई त्यात पडत."

तेवढ्यात बाहेरून टिप्पर गेला, तर त्यांनी आवाज चढवून हेच वाक्य परत म्हटलं, मला ऐकू यावं म्हणून. पोरांनी शेवटी नांगरलेल्या रानात उड्या मारल्या.

*

सातवीत सुवर्णा नावाची मुलगी होती, सगळे तिला सोनी म्हणायचे. मधल्या सुट्टीत ती नाल्यापलीकडच्या घरी जाऊन बारक्या भावाला बघून यायची आणि घंटेच्या आत वर्गात असायची. एक दिवस मी घड्याळ लावलं. दुसऱ्या दिवशी परत लावलं, कारण मला घड्याळच बिघडलंय असं वाटलं.

गेवराईला तालुक्याच्या स्पर्धेत ती चारशे मीटर अनवाणी पळाली. बाकीच्या पोरी बुटात. सोनी पहिली आली आणि पळतच राहिली. दोरीच्या पुढे, वळणाच्याही पुढे, आणि शिट्टी फुंकत मी तिच्या मागे.

धरल्यावर विचारलं, "थांबली का नाहीस गं?"

"कुणी थांब म्हणलंच न्हाई."

त्या दिवशी घरी येऊन मी सासूबाईंसमोर आनंदाने रडले. हिला जिल्ह्याच्या स्पर्धेला बीडला न्यायचंच, हे तिथेच ठरवलं. ती स्पर्धा दिवाळीच्या आधी की नंतर, तेवढं मात्र कुणी सांगत नव्हतं.

*

दिवाळी झाली की आमचा निम्मा वर्ग रिकामा होतो. आईबाप ऊस तोडायला कारखान्यांकडे जातात, त्यांच्याबरोबर पोरंही. वरती फोटो मात्र वर्षभर पाठवावे लागतात. म्हणून हेडसर दिवाळीच्या आधी एका दुपारी वर्षभराची पी.टी. उरकून घ्यायचे.

ऑक्टोबरच्या उन्हात पोरांना स्वेटर घातले, जानेवारी झाला. स्वेटर काढून सूर्यनमस्कार घातले, फेब्रुवारी झाला. कपाटातले व्हॉलीबॉल त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर आले आणि संध्याकाळी परत पिशवीत गेले.

शेवटी हेडसरांनी गणेश मंडळाकडून एक कप मागून आणला, सोनीच्या हातात दिला आणि मागे दोन पोरांना 'जिल्हास्तर' असं लिहिलेला फलक धरायला लावला.

मी म्हटलं, "सर, ती अजून पळालीय कुठं?"

"पळणारच आहे की, वहिनी. पण नंतर ती फोटोला सापडंल का?"

सोनी काही केल्या हसेना. तिला हसवायला शिट्टी मीच वाजवली. त्याची लाज मला आजही वाटते.

*

ऊसतोडीची टोळी निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्या घरी गेले. म्हटलं, स्पर्धेपर्यंत पोरगी माझ्याकडे राहू द्या, मग मी स्वतः कारखान्यावर आणून सोडते.

बाप माणूस वाईट नव्हता. "मॅडम, लई चांगलं बोलता तुमी. पर ही हितं राहिली तर तिकडं बारक्याला कोण बघंल? आमी दोघं बी उसाच्या फडात."

आईने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "कवा हाय ती पळायची? चार-आठ दिसांचं असंल तर बारक्याला मी फडात संगं घेऊन बसंन."

मला तारीख माहीत नव्हती. तिथूनच तीन ठिकाणी फोन लावले. एक म्हणाले, कळवू. दुसरे म्हणाले, वरून आली नाही. तिसऱ्यांनी उचललाच नाही. तेवढा वेळ सोनीची आई माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मग ती भांडी बांधायला लागली.

सकाळी ट्रक गेला. तारीख मोबाइलवर आली ती अकराव्या दिवशी, स्पर्धा परवा. तिच्या बापाचा फोन बंद. तरी मी बीडला गेले. चारशे मीटरला तिचं नाव तीनदा पुकारलं.

*

हा शेवटचा मी ओट्यावर सांगत नाही.

टोळ्या मार्चअखेर परतल्या. तोवर शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला होता. हातात कप घेतलेली सोनी, मागे 'जिल्हास्तर', खाली 'आमच्या शाळेची शान', आणि बाजूला हेडसर आणि ते पुढारी, दोघांचेही फोटो तिच्याहून मोठे.

सोनी काळवंडली होती. डाव्या हातावर कोयता लागल्याची खूण होती. दप्तर पाठीला, कडेवर बारक्या, अशी ती फ्लेक्ससमोर बराच वेळ उभी राहिली. मी जाऊन तिच्या मागे उभी राहिले. शिट्टी माझ्या गळ्यात होती.

तिने वळून माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, मी कितवी आले?"