दाराआडच्या सपाता

चौथीपुढे शाळा झाली नाही. अक्षर आणि शुद्धलेखन दोन्ही वाईट, सांभाळून घ्यावं.

आज शेजारणीने कॉफी उकळली आणि बोस्निया आठवला. तिथली लढाई संपून काही वर्षं झाली होती. ह्यांनी दुबईहून मला तिच्या खुणा बघायला नेलं. भाड्याच्या गाडीतून फिरलो. गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंतीपाशी हे म्हणाले, "मीपण पहिल्यांदाच बघतोय गं."

मग सारायेवोत एका दारापुढे थांबलो. "दुबईच्या ऑफिसातली जुनी ओळख," हे म्हणाले. बाईने दार उघडलं. आतून कॉफीचा वास आला. ह्यांनी न बघताच दाराआडच्या सपाता ओढून पायात घातल्या. तेव्हा मला तो पाहुणचार वाटला. मी लाजून हसलेही.

"यल्ला हबीबी, कॉफी!" असं दुबईच्या अरबीत, म्हणजे 'चल लाडक्या', म्हणत तिने ह्यांना नावाने हाक मारली. ते नाव मी लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नव्हतं.