फुलचुखीचं सरकारी नाव

आमच्या ह्यांच्या नावाचं एक पाखरू आहे. म्हणजे कागदावर आहे. झाडावर ते दुसऱ्याच नावानं राहतं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि आम्ही तेरला राहत होतो. हे तिथल्या सरकारी शाळेत मुदर्रिस होते, म्हणजे मास्तर, पण कच्चे. जागा कायम नव्हती. दर उन्हाळ्यात शाळा बंद झाली की आपण परत लागतो की नाही ह्याची काळजी सुरू व्हायची. कायमचा हुकूम मोहतमीमसाहेबांच्या सहीनं निघायचा. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा तपासणारे ते साहेब. ते वर्षातून एकदा यायचे.

आमचं घर दोन खणांचं. पुढं ओसरी, मग स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरातूनच पाठीमागच्या परसात जायची वाट. परसात भांडी घासायच्या दगडापाशी एक डाळिंब होतं. त्यावर फुलचुखीचं जोडपं असायचं. शहरातले लोक तिला शिंजीर म्हणतात. अंगठ्याएवढं पाखरू, चोच बारीक आणि वाकडी. मादी मळकट, पोटाला पिवळसर. नर सावलीत कोळशासारखा दिसायचा आणि उन्हात आला की निळा-जांभळा चमकायचा. आमच्या नराच्या उजव्या पायाचं मागचं बोट नव्हतं. फांदीवर बसला की तो जरा कलायचा, म्हणून मी त्याला ओळखायचे.

पिल्लं उडून गेली, पाऊसकाळ सरत आला की त्याचा चमकदार अंगरखा उतरायचा. मादीसारखाच मळकट व्हायचा, फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत एक काळी रेघ उरायची, काजळाचं बोट ओढल्यासारखी. थंडी सरता सरता पुन्हा काळा. दोन वर्षं भांडी घासताना मी हे बघितलं होतं. ह्यात कुणाला सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं. माणसंसुद्धा सणाचे कपडे वेगळे आणि रोजचे वेगळे ठेवतात.

त्या वर्षी मार्गशीर्षात मोहतमीमसाहेब आले. त्यांना नुकताच पाखरांचा नाद लागला होता. गळ्यात दुर्बीण, आणि त्यांच्या चपराशाच्या बगलेत इंग्रजी चित्रांचं जाडजूड पुस्तक. जिल्ह्यातल्या पाखरांची यादी ते करत होते. मुलांचं गणित त्यांनी खिडकीकडं तोंड करून तपासलं. खिडकीत कुठलंसं पाखरू येऊन बसलं, ते उडून जाईपर्यंत अख्खा वर्ग पास झाला होता.

जेवायला साहेब आमच्याकडं. जेवण झाल्यावर हे त्यांना हात धुवायला परसात घेऊन गेले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड. बराच वेळ पाण्याचा आवाज येईना, म्हणून फटीतून बघितलं. साहेब एक हात उष्टा तसाच धरून, दुसऱ्या हातानं दुर्बीण लावून डाळिंबाकडं बघत होते.

“मास्तर! किताब लाओ!”

पुस्तक आलं. पानं ह्यांनीच उलटली, साहेबांचा हात उष्टा होता. त्यात नराचं चित्र होतं काळं-निळं, मादीचं होतं पिवळसर. काळ्या रेघेवाल्याचं चित्रच नव्हतं. छापणाऱ्याला तिसऱ्या चित्रापुरता रंग पुरला नसेल.

“किताबात नाही,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “मास्तर, ही नवीन जात आहे. दुनियेत कुणाला ठाऊक नाही.”

फांदीवर आमचा नर कलून बसला होता.

मग साहेबांनी ओसरीवर बसून नाव कसं देतात ते ह्यांना समजावलं. मी आतून ऐकलं. पाखराला दोन नावं असतात. पहिलं घराण्याचं, दुसरं त्याचं स्वतःचं. चोच कशी, जीभ कशी, पिसं किती, हे बघून घराणं ठरवायचं. जगात कुठंही गेलं तरी तेच नाव. आणि ते लॅटिनमध्ये द्यायचं.

“लॅटिन कुठल्या मुलखातली भाषा, साहेब?” ह्यांनी विचारलं.

“कुठलीच नाही. आता ती कुणी बोलत नाही. म्हणूनच तर पक्की!”

ह्यांनी मान डोलावली. ह्यांना ते पटण्यासारखंच होतं. आमच्या शाळेतली पोरं घरी मराठी बोलायची आणि घरी कुणी बोलत नाही अशा भाषेत नापास व्हायची. मलाही नवल वाटलं नाही. माझं नाव लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून बदललं, तेव्हा मलाही कुणी विचारलं नव्हतं. पण मला निदान जिवंत ठेवलं होतं.

कारण साहेब पुढं म्हणाले, “नुसतं बघून नाव देता येत नाही. पाखरू हातात पाहिजे. आतलं सगळं काढून कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची आणि हैदराबादला पाठवायचं. उद्या सकाळी पारध्याला घेऊन येतो. आणि मास्तर, तुमची कायमची गोष्ट माझ्या ध्यानात आहे. आधी हे काम होऊ द्या.”

साहेब मुक्कामाला गेले. हे घरात आले ते हसतच.

मी म्हटलं, “अहो, तो नवा न्हाय. आपलाच आहे. कपडे बदलतो तो.”

“तुला काय कळतंय? साहेबाच्या किताबात न्हाय तो.”

शेजारच्या भिंतीवरून खालाचं डोकं वर आलं. गोधड्या शिवून पोट भरणारी ती म्हातारी. तिला सगळी गल्ली खालाच म्हणायची, म्हणजे मावशी. आमच्या घरातलं बोलणं ती सुई चालवता चालवता ऐकायची आणि मध्येच उत्तर द्यायची.

“किताबात न्हाय म्हणून झाडावरला बदलतो व्हय, मास्तर? तुमची बायको रोज बघती त्याला.”

“खाला, साहेबाला चुकलात म्हणून कोण सांगणार? तुम्ही?” हे चिडले. “उद्या साहेब नाराज झाला तर कायमचं काम कायमचंच राहिलं!”

खालाचं डोकं भिंतीआड गेलं. मी चुलीकडं वळले. पाखरू वाचवावं तर ह्यांची नोकरी जाणार, नोकरी वाचवावी तर पाखराच्या पोटात कापूस.

सकाळी सगळं सरकार माझ्या स्वयंपाकघरातून गेलं. साहेब बुटासकट, चपराशी पुस्तकासकट, मागून पारधी, हातात चीक लावलेली काडी. चुलीपुढं मी तासापूर्वीच सारवलं होतं. त्यावर बुटांचे ठसे उमटले. मी दाराआड, आणि खाला ओसरीतून येऊन माझ्या शेजारी उभी.

पारध्यानं झाडाकडं बघितलं आणि खाली मान घातली. त्याला सगळं माहीत होतं हे मला तेव्हाच कळलं. पण त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता बोललं की काय होतं हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

साहेब ह्यांना सांगत होते, “नाव मी ठरवलं आहे. हैदराबादच्या आपल्या बड्या साहेबांचं नाव देणार. शेवटाला एक ‘ई’ जोडली की लॅटिन झालं.”

ते ऐकून मला एकदम सुचलं. मी खालाच्या कानाला लागले. माझा आवाज परपुरुषापुढं निघायचा नाही. खालाचा मात्र पलीकडच्या आळीपर्यंत जायचा.

“साब,” खाला म्हणाली, “पोरगी इचारती, बड्या साहेबांच्या नावाचं पाखरू असल्या मळक्या कपड्यात पाठवणार व्हय?”

साहेब थबकले. “म्हणजे?”

“ती म्हणती, हे त्याचे घरातले कपडे. होळीपत्तोर थांबा. होळीला तो दरबाराचा पोशाख करतो. लई चमकतो. तसा पाठवला तर बड्या साहेबांची शान राहील.”

हे माझ्याकडं असे बघत होते की दारच फाटेल. साहेबांनी आधी पाखराकडं बघितलं, मग आपल्या शेरवानीच्या बाहीवर पडलेला भाजीचा डाग बघितला. मळक्या कपड्यात दरबारात जाणं काय असतं हे त्यांना पुस्तकावाचून कळत होतं.

“दुरुस्त आहे,” ते म्हणाले. “होळीला येतो. मास्तर, तोवर पाखरू सांभाळा. पळालं तर तुम्ही जबाबदार.”

पारधी काडी पानात गुंडाळून निघाला. जाताना त्यानं दाराच्या फटीकडं बघून डोक्यावरचं मुंडासं जरासं सारखं केलं. तेवढंच.

मग रोज हे शाळेतून आले की आधी परसात. पौषात पाखराच्या छातीवर एक काळं पीस आलं. मग दोन. मग ते अर्धवट सारवलेल्या भिंतीसारखं ठिपक्याठिपक्यांचं झालं. एक दिवस हे परसातून पळत आत आले.

“अगं, हा तर तोच!”

“व्हय.”

“नेहमीची फुलचुखी!”

“व्हय.”

“मग त्या दिवशी बोलली का न्हाईस?”

“बोलले होते,” मी म्हटलं आणि भाकरी उलटली.

आता ह्यांचा जीव खरा टांगणीला लागला. साहेबांनी तिकडं हैदराबादला पत्र धाडलं होतं आणि बड्या साहेबांनी पाखराला आपलं नाव द्यायला परवानगीही दिली होती. साहेब तोंडावर पडणार होते आणि ते आमच्याच परसात पडणार होते. ह्यांनी एकदा पाखराला हुसकायला काठी उचलली. पण मादीनं तोवर आमच्या कपडे वाळत घालायच्या दोरीलाच घरटं टांगलं होतं. हे काठी टेकवून दगडावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मी त्या दिवसापासून लुगडी कुंपणावर वाळत घालू लागले.

होळीच्या दुसऱ्या दिवशी साहेब आले, आणि नेमकी खाला लेकीकडं ढोकीला गेलेली. साहेबांनी दुर्बीण लावली. उन्हात नर असा झळकत होता की त्याला दुर्बिणीची गरजच नव्हती.

“ही तर नेहमीची जात,” साहेब म्हणाले. “आपलं पाखरू कुठं आहे?”

ह्यांनी एकदा साहेबांकडं बघितलं, एकदा दाराकडं. ह्यांचा चेहरा असा झाला होता की माझ्यानं राहवलं नाही. मी पदर ओढून, दाराच्या चौकटीला सांगितल्यासारखं म्हटलं, “पायाचं बोट बघा म्हणावं. उजव्या. मार्गशीर्षातल्याचंही नव्हतं.”

तेवढंच.

साहेबांनी बघितलं. पुस्तक मागवलं, बघितलं. पुन्हा पाखरू बघितलं. ते जरा कलून बसलं होतं. मग साहेबांनी दुर्बीण खाली केली, घसा साफ केला, आणि शाळा तपासताना काढतात तो आवाज काढला.

“मास्तर, लिहून घ्या. नवीन जात येथून स्थलांतर करून गेली. तेर येथे एकदा दिसली, पुन्हा आढळली नाही.”

ह्यांनी लिहून घेतलं. हे ‘पुन्हा आढळली नाही’ लिहीत असताना आमचा नर ह्यांच्या डोक्यावरून उडून घरट्याकडं गेला.

निघून गेलेल्या पाखराला बड्या साहेबांचं नाव देणं अशुभ दिसलं असतं. पण पत्र गेलेलं, नाव तर द्यायलाच हवं होतं. म्हणून ज्यांच्या परसात दिसलं त्यांचं दिलं. हे म्हणाले, “साहेब, पण पाखरू हातात नसताना नाव देता येत नाही ना?” साहेब म्हणाले, “ते लॅटिनमध्ये. सरकारात चालतं.”

महिन्याभरात हुकूम आला. सदर पक्षी परत येण्याचा संभव असल्यानं त्यावर नजर ठेवणं जरूर आहे, सबब मुदर्रिस मजकुरांना तेर येथे कायम करण्यात येत आहे. सोबत पाखराची खबर विचारणारा उर्दूतला कागद, तो दर वर्षी भरून पाठवायचा.

गल्लीतल्या बायकांनी मला छळ छळ छळलं. “नवीन पाखराचं नाव काय गं?” नवऱ्याचं नाव बायको घेत नाही, आणि घ्यायचं तर उखाण्यात. खाला म्हणायची, “घे की, शेवटाला ‘ई’ हाय, म्हणजे पुरतं त्याचं न्हाय!” मी नाही घेतलं.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. मोहतमीमसाहेबांची शेरवानी गेली, बंद गळ्याचा कोट आला. आतले साहेब तेच होते. मुदर्रिसचे गुरुजी झाले. पण वर्षातून एकदा येणारा कागद येतच राहिला, फक्त आता मराठीत. त्यावर ‘पक्ष्याचे नाव’ अशी एक जागा आणि खाली ‘पुन्हा आढळला काय?’ असा प्रश्न. हे दर वर्षी परसात बसून नाव लिहायचे आणि पुढं ‘नाही’ लिहायचे.

एका वर्षी ह्यांना ताप होता, म्हणून म्हणाले, तूच भर. मी चौथी शिकलेली, पण अक्षर बरं आहे. नावाची जागा मी मोकळी सोडली. ते मला लिहिताही आलं नसतं. ‘पुन्हा आढळला काय?’ ह्याच्यापुढं मी लिहिलं, ‘रोज.’

पंधरा दिवसांनी कचेरीतून शिक्का मारलेली चिठ्ठी आली. कागद मिळाला, मजकूर नेहमीप्रमाणे.