चढाईतला श्वास

मी गाण्यात वाढलेला आवाजवाला, म्हणजे माहितीपटांचा आवाज जोडणारा. नाशिक रोडला रेल्वे रुळांलगतच्या एका कॉलनीत तळमजल्यावर माझा स्टुडिओ आहे. तिथे येणारे निम्मे माहितीपट गाण्यावरचे असतात, म्हणजे भजनी मंडळं, शाहीर, सनईवाले. त्या कामात एक सवय अंगात मुरली, ती म्हणजे गाणाऱ्याचा श्वास कापायचा नाही. दोन तुकडे जोडले की सांध्यावर एक श्वास ठेवायचा, मग जोड कळत नाही. या सवयीचा मला भारी गर्व होता. दुसऱ्या कुणी श्वास कापलेला ऐकला की मी तावातावाने भांडायचो. त्याच सवयीने मला एकदा असं तोंडावर पाडलं की आठवलं तरी अजून कान गरम होतात. जिची ही हकीकत, तिला विचारूनच लिहितोय. नाव घालू नका, एवढंच ती म्हणाली.

तो माहितीपट कबड्डीवर होता. सायखेड्याकडची एक खेळाडू, आता पन्नाशीकडे झुकलेली, शेती सांभाळून शाळेतल्या पोरींना कबड्डी शिकवते. वीसेक वर्षांपूर्वी एका अंतिम सामन्यात तिच्या शेवटच्या चढाईवर संघ एका गुणाने जिंकला होता. चढाई करणाऱ्याने एकाच दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत समोरच्यांच्या अंगणात जायचं आणि त्याच दमात परत यायचं. मध्ये श्वास घेतला की बाद. हरलेला संघ म्हणत राहिला की तिचा दम मध्येच तुटला होता. पंचांनी गुण दिला, पण बोलणं थांबलं नाही. लग्नात, बाजारात, जिथे जुने खेळाडू भेटतील तिथे तोच विषय निघायचा. दर वेळी ती शपथेवर सांगायची, तुटला नाही. शाळेतल्या पोरींनाही तेच सांगत आली होती. सिनेमाचा शेवटचा भाग या चढाईवरच उभा होता.

चढाईचं चित्रीकरण एकच होतं, लग्नाचं शूटिंग करणाऱ्या कुणीतरी केलेलं. त्यात ऐन मोक्याच्या तीन सेकंदांत प्रेक्षकांचा नुसता गोंगाट होता. मी एकदा ऐकलं, हा आवाज मेलेला आहे असं ठरवलं, तिला स्टुडिओत बोलावून तिच्याकडून दम घुमवून घेतला आणि तो तुकडा तिथे बसवला. जोड इतका झकास बसला की दिग्दर्शिकेने टाळ्या वाजवल्या. मीही खूश होतो.

महोत्सवाला फाइल पाठवायची वेळ संध्याकाळी सहापर्यंतची होती. खेळाडू त्याच दिवशी दुपारी तीनला ऐकायला आली. पदर खोचून खुर्चीच्या अगदी कडेला बसली. शेवटचा भाग सुरू झाल्यावर तिने डोळे मिटले. चढाई सुरू झाली तशी ती ओठ हलवायला लागली आणि एका जागी एकदम थांबली.

“परत लावा.”

मी लावलं. तिने डोळे उघडले.

“दादा, हितं मी दम घेतला.”

“तो तुमचा नाही ताई, मी घातलाय,” मी म्हणालो, आणि वर सांध्यावरच्या श्वासाचं माझं व्याख्यानही दिलं. बोलता बोलता दिग्दर्शिकेकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्या आधी तिला कळलं होतं.

“म्हंजी लोकं इतकी वर्सं जे बोलली, ते तुमी खरं करून दिलं,” खेळाडू म्हणाली. आवाज चढवला नाही तिने.

तेव्हाच माफी मागायला हवी होती. पण माझा स्वभाव! “एवढंसं आहे ते, कुणाच्या लक्षात येणार नाही,” असं मी म्हणालो.

“कबड्डीवाली माणसं आधी दमच ऐकतात.”

मी मुकाट्याने तो श्वास काढला. आता सांधा उघडा पडला आणि मधे असा हिसका बसायला लागला की दम तुटल्याची कुणाचीही खात्री पटावी. चार वाजले होते. दिग्दर्शिका मोबाइल हातात घेऊन येरझारा घालत होती. ती चढाईच गाळू या म्हणाली. खेळाडू म्हणाली, “गाळली तर म्हणतील, म्हणूनच गाळली.” मग माझ्याकडे वळून विचारलं, “त्या जुन्या टेपात माझा खरा आवाज नायच का?”

मी नाही म्हणालो होतो ते एकदाच ऐकून. खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. शरमेने मूळ आवाज पुन्हा उघडला आणि गोंगाटाचा एकेक थर कमी करायला लागलो. बारीक काहीतरी हाती लागतंय असं वाटलं की नेमकी मालगाडी यायची, काचा थरथरायच्या आणि हेडफोन काढून बसावं लागायचं. पाच वाजून गेले.

सव्वापाचच्या सुमाराला ऐकू आलं. गोंगाटाच्या तळाशी, अगदी क्षीण, पण तिचाच आवाज. कबड्डी कबड्डी कबड्डी. मी स्पीकरवर लावलं. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. दिग्दर्शिका रडायलाच लागली.

पण मधे एक शिट्टी होती. कॅमेऱ्याशेजारच्या कुणा उत्साही प्रेक्षकाने मारलेली, जेमतेम अर्ध्या सेकंदाची. तिच्या आधी दम होता, नंतरही होता. तिच्याखाली काय होतं ते मी दहा प्रकारांनी शोधलं. काही मिळेना. मी घातलेला श्वासही साधारण तेवढाच लांब होता, हे मला लगेच जाणवलं.

“मधे?” तिने विचारलं.

“मधे शिट्टी आहे.” मग मी भरपाई करायला गेलो. “ताई, पुढचाच ‘कबड्डी’ उचलून मी त्या शिट्टीखाली ठेवतो. आवाज तुमचाच, सामनाही तोच. अखंड दम ऐकू येईल. कुणाच्या बापाला कळणार नाही.”

दिग्दर्शिकेने जोरात होकारार्थी मान हलवली. साडेपाच होऊन गेले होते.

खेळाडूने पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर तिची पंचविशीतली आकृती मध्यरेषेकडे झेपावताना थांबवलेली होती.

“नको,” ती म्हणाली. “शिट्टी ऱ्हाऊ द्या.”

“अहो, पण का?”

“मलाच ठाऊक नाय, दादा. शपथा लय घेतल्या. पण त्या टायमाला दम घेतला का नाय, मलाच आठवत नाय. आज वाटलं, टेपात तरी कळंल.”

मला तिची लाज वाटली नाही, माझी वाटली. सहाला दहा मिनिटं कमी असताना मी फाइल पाठवली, शिट्टीसकट, खाली काहीही न ठेवता.

ती घाईने उठली. तिला सायखेड्याची एसटी गाठायची होती, मैदानावर पोरी वाट बघत होत्या. दारात चपला घालताना ती कुणाकडे न बघता म्हणाली, “आता पोरींना काय सांगायचं, त्ये बघते.”