नऊ सेकंदांची आई

आमच्या घरात आईचे तीन फोटो होते आणि तिन्हींत ती आमची आई वाटत नसे. फोटो काढायचा म्हटलं की ती डोक्यावरून पदर घ्यायची, ओठ घट्ट मिटायची आणि कुणी दम भरल्यासारखी समोर बघत राहायची. एरवी तिचं तोंड बंद असलेलं आम्ही कधी पाहिलं नाही. ती गड्यांवर ओरडायची, शेजारणीशी भांडायची, चुलीवरच्या वांग्यांशीसुद्धा बोलायची. त्यामुळे ती गेल्यावर भिंतीवर जो फोटो लागला, त्याला हार घालताना मला दर वेळी परक्या बाईला हार घातल्यासारखं वाटायचं.

बोलणारी आई एकाच ठिकाणी उरली होती. माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या लग्नाच्या शूटिंगमध्ये. त्या तीन तासांत आई नऊ सेकंदं आहे. मी घड्याळ समोर ठेवून मोजलेली आहेत. वरण-बट्टीची पंगत बसलेली असते. आई बट्ट्यांची परात घेऊन येते, दिव्याचा झोत तिच्या तोंडावर पडतो, ती डोळ्यांवर हात आडवा धरते आणि शूटिंगवाल्याला म्हणते, "मले काय दाखोतो रे भाऊ? माह्या पोरीले दाखव. ते आज चालली. मी तं अठीच आहे."

एवढंच. मग कॅमेरा वळतो आणि पुढची वीस मिनिटं व्याह्यांना टोप्या-टॉवेल देणं चालतं. प्रत्येक टोपी नीट दिसेल याची त्या शूटिंगवाल्यानं काळजी घेतली होती. त्याचा मला अजून राग आहे.

'मी तं अठीच आहे', म्हणजे इथेच आहे, म्हणणारी बाई दोन वर्षांत गेली. तापाचं निमित्त झालं, भुसावळच्या दवाखान्यात चार दिवस होती, पाचव्या दिवशी नव्हती. अक्का धुळ्याला सासरी, मी जळगावला शिकायला. रावेरकडच्या आमच्या गावात, घरात आबा एकटे. आबा म्हणजे आमचे वडील. आई एवढं बोलायची की आबांना कधी बोलायची गरजच पडली नव्हती. ते हूं म्हणायचे आणि संसार चालायचा. आई गेल्यावर त्यांना हूं म्हणायलाही कुणी उरलं नाही.

लग्नाची कॅसेट अक्काकडे धुळ्याला, पत्र्याखालच्या माळ्यावर पडून होती. आमच्याकडचा उन्हाळा माणसाला सोडत नाही, तिथे कॅसेटची काय कथा! पण फीत पुरती चिकटायच्या आत अक्कानं ती जळगावच्या एका स्टुडिओत दिली आणि तिच्या सीड्या करून घेतल्या. तीन सीड्या निघाल्या आणि तिन्ही तिनं आबांकडे आणून दिल्या. आई दुसऱ्या सीडीत आली. जास्तीचा एक संच करून घ्यावा असं आमच्यापैकी एकीलाही सुचलं नाही. पुढे कॅसेट गेली ती गेलीच. हे सगळं नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटी. मी तेव्हा बी.एड. उरकून घरी आले होते. नोकरीची आणि स्थळांची, दोन्हींची वाट बघणं एकदम चाललं होतं आणि दोन्हींनी माझा स्वभाव काही सुधारला नव्हता.

आबांनी भुसावळहून सीडी प्लेअर आणला. त्यांना त्यातली दोनच बटणं ठाऊक होती, एक चालू करायचं आणि दुसरं पुढे पळवायचं. दुपारी मळ्यातून यायचे, जेवायचे, लाइट असली की दुसरी सीडी घालायचे आणि पंगतीपर्यंत पळवायचे. आई यायची, बोलायची, जायची. आबा प्लेअर बंद करायचे आणि आडवे व्हायचे. रोज. मी आतून भांडी आपटत म्हणायचे, "आबा, झिजून जाईल ती." ते हूं म्हणायचे.

सीडी बघून झिजत नाही हे मला नंतर कळलं. पण पुसून झिजते. आबा ती रोज घालण्याआधी खांद्यावरच्या टॉवेलनं पुसायचे. देवाचं तबक पुसावं तशी, गोल गोल, मन लावून. तो टॉवेल दिवसभर मळ्यात असायचा, त्यात धूळ असायची, वाळू असायची, केळीच्या पानांचा कचरा असायचा. दोन-तीन महिन्यांत त्या सीडीवर गोल ओरखड्यांची अशी काही नक्षी उठली की बघवेना.

एक दिवस आई परात घेऊन आली, हात डोळ्यांवर धरला आणि तशीच थांबली. चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. आवाज नाही. खरखर नाही. काहीच नाही. आबांनी सीडी काढली, पुसली (पुन्हा टॉवेलनंच!) आणि परत घातली. आई पुन्हा तिथेच थांबली. पुढचं बटण दाबलं तर थेट टोप्या-टॉवेल.

मी तेव्हा जे बोलले ते बोलायला नको होतं. "तुम्हीच घालवली," म्हटलं, "सांगत होते तरी घासत बसलात." आबांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि ते मळ्यात निघून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र जेवून पुन्हा टीव्हीसमोर बसले. थांबलेल्या आईसमोर. बटणाला हात न लावता बराच वेळ बघत राहिले. मी विचारलं, "काय बघता?" तर म्हणाले, "ते बोलीन आता."

आईचं वाक्य काय आहे ते आबांना पाठ होतं, मला पाठ होतं, अक्काला पाठ होतं. पण वाक्य पाठ असून काय उपयोग? 'चालली' म्हणताना तिचा आवाज जरासा खाली यायचा आणि 'अठीच'वर पुन्हा वर जायचा. ते आम्हाला हवं होतं. ते त्या एका चकतीत होतं आणि चकती बोलत नव्हती.

मी अक्काला फोन लावला. धुळ्याला जाऊन अक्काची बोली पार बदलली होती. आमच्याशी बोलतानासुद्धा मधेच सासरचं अहिराणी यायचं आणि मी तिला त्यावरून चिडवायचे. त्या दिवशी चिडवलं नाही. ती म्हणाली, "घाबरू नको. आमनाकडे बठ्ठा घरी साफ करतस. पहिले टूथपेस्ट लाव, मधून बाहेर पुसजो, गोल नको. मंग पिकेल केळं घस. सीडी साफ व्हई जास." बठ्ठा म्हणजे सगळे. तिच्या गल्लीत सीड्या भाड्यानं देणारा एक जण होता, त्यानं तिला हे सगळं शिकवलं होतं.

केळं ऐकून मला हसू आलं. केळ्यात जन्म गेला आमचा.

दुसऱ्या दिवशी आबा मळ्यात गेल्यावर मी कामाला लागले. केळीचे घड कापणं चालू होतं, ट्रक भरायचा होता, म्हणजे आबा दुपारपर्यंत येणार नव्हते. सीडी पाटावर जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यावर ठेवली. पांढरी टूथपेस्ट बोटावर घेतली आणि अक्कानं सांगितलं तशी मधून कडेकडे चोळली. मान दुखली, बोटं दुखली. माझ्या अंगात एवढा धीर आहे हे मलाच माहीत नव्हतं. मग पाण्यानं धुतली, वाळवली, प्लेअरमध्ये घातली आणि पंगतीपर्यंत पळवली.

आई आली. हात डोळ्यांवर धरला. थांबली. आणि मग ती बोलली.

पूर्ण बोलली. मधे एकदा आवाज अडखळला, चेहऱ्यावर हिरवे चौकोन पळाले, पण 'चालली'ला आवाज खाली आला आणि 'अठीच'ला वर गेला. मी टीव्हीसमोर जमिनीवर बसून रडले. रडायला येतंय हे कळायच्या आत रडले.

तिथेच थांबले असते तर! पण मला ते हिरवे चौकोन खुपले. आबा येतील तेव्हा आई स्वच्छ दिसली पाहिजे, कुठे अडखळता कामा नये, असं डोक्यात बसलं. आबांना बोलले होते त्याची भरपाईही करायची होती. अक्कानं केळं सांगितलंच होतं, ते राहिलंय, करून टाकू.

आता केळ्याच्या मळेवाल्यांच्या घरात पिकलेलं केळं नसतं, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. आमची केळी हिरवीच ट्रकमध्ये चढतात आणि दिल्लीकडे जाऊन पिकतात. आम्हाला पिकलेलं केळं सत्यनारायणाला लागलं तर गावातल्या गाडीवरून आणावं लागतं. त्या दिवशी गाडी आली नव्हती. ओसरीवर फण्यांचा ढीग होता, सगळा हिरवा. मी म्हटलं, केळं ते केळं. एक तोडलं, मधोमध कापलं आणि सीडीवर घासलं.

कच्च्या केळ्याचा चीक काय असतो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. लहानपणापासून त्या डागांचे कपडे घातलेत. तरी घासलं. घाई झाली की मला माझंच ज्ञान आठवत नाही. बघता बघता सीडीवर चिकट थर आला आणि तपकिरी पडायला लागला. पाण्यानं निघेना, साबणानं निघेना. मग मी जे केलं ते आमच्याकडचं कुणीही केलं असतं. हाताला चीक लागला की आमचे गडी रॉकेलनं हात धुतात. मी स्टोव्हची बाटली घेतली, चिंधी रॉकेलमध्ये बुडवली आणि जोर लावून सीडी पुसली. खालून पुसली, वरून पुसली.

वरच्या बाजूला स्टुडिओवाल्यानं 'लग्न २' असं लिहिलं होतं. पहिल्यांदा ती अक्षरं गेली. मग अक्षरांखालचा चंदेरी पापुद्रा सुटून चिंधीला लागला. मी सीडी उजेडात धरली तर तिच्यातून अंगण दिसलं.

ती घालून बघायचीसुद्धा गरज नव्हती. तरी घातली. प्लेअर नुसताच फिरत राहिला.

आबा आले तेव्हा मी तशीच बसले होते. घरभर रॉकेलचा वास. पाटावर सीडी, शेजारी अर्धं केळं. त्यांनी सगळं बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. आई असती तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. आबांनी हातपाय धुतले, येऊन खाटेवर बसले.

मी म्हटलं, "आबा, आई बोलली होती."

"कधी?"

"सकायी. तुमी मयात होते. एकडाव बोलली."

मला वाटलं आता उठून जातील, परवा गेले तसे. पण ते उठले नाहीत. त्यांनी विचारलं, "कशी बोलली?"

काय बोलली असं नाही विचारलं. कशी. मला आधी कळेना काय करायचं. मग मी डोळ्यांवर हात धरला, का कोण जाणे, आणि आईसारखं म्हणायला लागले. 'चालली'ला आवाज खाली नेला, 'अठीच'ला वर नेला. माझ्या गळ्यातून तिचा आवाज आला. खोटं नाही सांगत. आबांनी डोळे मिटले होते.

"पुन्हा म्हन," ते म्हणाले. मी पुन्हा म्हटलं.

त्यानंतर ती रीतच पडली. वर्षभरात माझं लग्न झालं, मी एरंडोलला नांदायला गेले, शाळेत नोकरी लागली. माहेरी गेले की दुपारच्या जेवणानंतर आबा खाटेवर बसायचे आणि म्हणायचे, "म्हन बरं." मी हातातलं काम ठेवून म्हणायचे. कधी दोनदा, कधी तीनदा. माझ्या मुलांना ते गमतीचं वाटायचं, मला मात्र दर वेळी त्या रॉकेलच्या चिंधीची फेड केल्यासारखं वाटायचं. आबांचं वय झालं, मळा दुसऱ्याला कसायला दिला, कानांना कमी ऐकू यायला लागलं. मग मी जवळ बसून मोठ्यानं म्हणायचे.

आबा गेले, त्यांच्या तेराव्याला आम्ही दोघी बहिणी त्याच खाटेवर बसलो होतो. पाहुणे गेले होते. अक्कानं कधी माझ्या तोंडून ते ऐकलं नव्हतं; ती आली की मी नसायचे, मी आले की ती नसायची. मी म्हटलं, "ऐक," आणि तिला आईचं वाक्य म्हणून दाखवलं.

अक्का ऐकत होती. मग मान हलवून म्हणाली, "आई असं नव्हती बोलत."

मला झोंबलं. "मग कसं बोलायची? तू म्हण."

अक्कानं तोंड उघडलं. 'मले काय' एवढं म्हणून ती अडली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "माले नई येत. पन असं नव्हती बोलत ती."

मी मनातल्या मनात ते वाक्य म्हणून पाहिलं. त्या सकाळी टीव्हीसमोर ऐकलं होतं तसं आठवायचा प्रयत्न केला. ऐकू आला तो माझा आवाज होता, वर्गात मुलांना शुद्धलेखन घालतानाचा. त्याच्या पलीकडे मला जाता येईना. इतक्या वेळा म्हणून म्हणून मी आईच्या आवाजावर स्वतःचा आवाज चढवला होता आणि मला त्याचा पत्ताही लागला नव्हता.

मग एक गोष्ट ध्यानात आली आणि मी अक्काला सांगितली नाही. शेवटच्या कितीतरी वर्षांत आबा ते वाक्य ऐकताना डोळे मिटत नसत. उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत असत. त्यात आई उरली नाही हे त्यांना कधीच कळलं होतं. तरी माझं म्हणून झालं की ते म्हणायचे, "पुन्हा म्हन."